शेऱ्याच्या रकान्यातली रेघ

प्रिय रेवा आणि निहार,

मागच्या महिन्यात रेवाने वॉर्साहून फोन केला आणि तिच्या म्हाताऱ्या घरमालकीणबाईंची गोष्ट सांगितली. त्या बाईंच्या तरुणपणी तिथे कुणी किती बूट शिवायचे, त्यासाठी किती कातडं मिळायचं, हे सगळं सरकार ठरवत असे. बाईंचे वडील चांभारकाम करत, आणि कातड्याच्या चिठ्ठीसाठी एका खिडकीपुढे तासन्‌तास उभे राहत. पुढे ते सरकार गेलं, कारखाने विकले गेले, त्या खिडकीच्या जागी आता केक मिळतात. मग रेवाने विचारलं, "आजी, आपल्याकडे असं काही होतं का गं?"

मी हसले. अगं, होतं का म्हणून काय विचारतेस! मी त्या खिडकीच्या आत बसत होते. सव्वीस वर्षं.

त्याच फोनवर असलेला निहार टोरांटोहून लगेच म्हणाला, की सरकारने धंद्यात पडूच नये. त्याचं हे मत मी तो अकरावीत असल्यापासून ऐकते आहे. माझं मत तयार नाही. माझ्याकडे एक गोष्ट आहे, आणि ती मी आजवर तुमच्या आजोबांनासुद्धा पूर्ण सांगितली नव्हती. आता ते नाहीत. जिची ही गोष्ट आहे तीही दोन वर्षांपूर्वी गेली. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव मागितले, तेव्हा ठरवलं की एकदाच नीट लिहून टाकावं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, ऑफिसात माझ्या इंग्रजी नोटिंगचं कौतुक होई. तरी हे मराठीत लिहिते आहे. मत्सर इंग्रजीत लिहिला की फार सभ्य दिसतो.

आधी काम समजावून सांगते. वॉर्सात सरकारने कारखानेच ताब्यात घेतले होते. आमच्याकडे कारखाना तुमचा, कामगार तुमचे, तोटाही तुमचा. फक्त कच्चा माल सरकारच्या हातात. पत्रा, जस्त, सोडा, मेण, जे जे टंचाईचं ते सगळं कोट्याने मिळे. नागपुरातल्या लहान कारखान्यांना हा कोटा वाटणारं आमचं ऑफिस. मी टायपिस्ट म्हणून लागले आणि नंतर परीक्षा देऊन निरीक्षक झाले. बाई निरीक्षक त्या काळी आमच्याकडे मी एकटीच. अर्ज आला की त्या कारखान्यात जायचं, यंत्रं मोजायची, छापील फॉर्म भरायचा. फॉर्मची कार्बन कॉपी अर्जदाराला मिळे. दोन नियम फार कडक होते. अर्जदाराची सही झाली की त्यानंतर फॉर्ममध्ये एक अक्षरही वाढवायचं नाही. आणि जो रकाना रिकामा राहील त्यावर सहीच्या आधी तिरकी रेघ मारायची, म्हणजे मागाहून कुणी काही घुसडू नये. हे दोन्ही नियम शहाण्या माणसाने केले होते. मी ते कधी मोडले नाहीत. हे लक्षात ठेवा.

मी कामात हुशार होते, हेही सांगून टाकते. मेणबत्त्यांसाठीच्या मेणाचा कोटा साच्यांच्या संख्येवर मिळे. लकडगंजात एक शेठ होते, त्यांच्या कारखान्यात जावं तर दर वेळी तो बंद.

"मॅडम, फॅक्टरी तो बराबर चालू है. आज बस छुट्टी है."

"मागच्या मंगळवारीही सुट्टी होती, शेठजी."

"हां मॅडम, मंगल को हनुमानजी की. आज मजदूरों की."

साचे मात्र रांगेने मांडलेले, पितळी, लखलखीत. मी एका साच्याच्या कडेला नखाने लाखेचा बारीक ठिपका लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मेहुण्याच्या कारखान्यात तपासणी होती. तिथे रांगेतला चौथा साचा उचलला तर माझा ठिपका! एकच साच्यांचा संच हातगाडीवरून नातेवाइकांत फिरत होता. मेहुण्याचा अर्ज मी बाद केला. शेठजींचा मात्र करता आला नाही, कारण तपासणीच्या दिवशी साचे त्यांच्याकडे होते आणि फॉर्मला तेवढंच पुरत होतं. त्यांचं मेण आल्या पोत्यानिशी बाजारात विकलं जातं, हे साऱ्या लकडगंजाला माहीत होतं. पण "शेरा" नावाच्या शेवटच्या रकान्यात मी "साचे न वापरलेले दिसतात" असं लिहिलं, आणि साहेबांनी त्यांचा कोटा निम्म्यावर आणला. म्हणजे त्या शेवटच्या रकान्यात काय ताकद आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं.

आता कौसल्या.

कौसल्या मेश्राम आणि मी एकाच महिन्यात टायपिस्ट म्हणून लागलो. आमची टेबलं एकमेकींना लागून. तिचं माहेर भिवापूरचं. वडील पुढे नागपुरात आले, सक्करदऱ्याच्या तलावाजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. छप्पन साली तिच्या घरच्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा ती मॅट्रिकच्या वर्गात होती. डब्यात भिवापुरी मिरचीचा ठेचा असे. तो खाऊन माझ्या डोळ्यांत पाणी आलं की ती म्हणे, "कॉन्व्हेंटची जीभ हाय वं तुही. हळूहळू शिकंल."

तिची माझी गट्टी होती आणि पहिल्या आठवड्यापासून मला तिचा हेवा वाटत होता. दोन्ही खरं आहे. तिचा टायपिंगचा वेग माझ्याहून जास्त. माझं इंग्रजी बिनचूक, तरी महत्त्वाचं पत्र असलं की साहेब विचारत, "मेश्राम कुठे आहेत?" ती हसली की आख्खी शाखा मान वर करून बघे. माझ्या हसण्याने कुणाचं काम थांबल्याचं मला आठवत नाही.

आम्ही दोघींनी एक बेत केला होता. नोकरी सोडायची आणि मुलींसाठी टायपिंगचा क्लास काढायचा. जागा बघितली, मशीन बघितल्या, नावावरून भांडलोसुद्धा. राजीनाम्याचे दोन अर्ज तिने एकाच दिवशी टाइप केले, एक तिचा, एक माझा. मी माझा पर्समध्ये ठेवला. घरी आल्यावर तुमचे आजोबा एवढंच म्हणाले, "पेन्शनची नोकरी आहे, विचार कर." त्यांनी अडवलं नाही. मीच विचार करत बसले, आणि कौसल्याचा अर्ज मंजूर होऊन ती गेली. मी तिला सांगितलं की घरून परवानगी मिळाली नाही.

"काहून देत नाई? मी बोलू का त्यायले?" ती म्हणाली.

"नको," मी म्हटलं.

एकटीने क्लास चालेना, म्हणून तिने मेणबत्त्या सुरू केल्या. विहारात रोज वंदनेला मेणबत्ती लागते, बुद्धपौर्णिमेला लागते, आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर जमणाऱ्या माणसांना किती लागतात ते तर विचारूच नका. त्या वेळी मेण खुलं मिळत होतं. चार बाया कामाला ठेवल्या. मी एकदाही बघायला गेले नाही. रस्त्यात भेटली की "येईन गं नक्की" म्हणायचे आणि घरी येऊन उगाच कुणावर तरी चिडायचे. तुमची आई तेव्हा लहान होती. तिला तो राग का मिळे, हे तिला आज कळेल.

मग जगात खनिज तेलाचे भाव भडकले, त्यातूनच निघणाऱ्या या मेणाची टंचाई झाली आणि मेण कोट्यात आलं. कौसल्याचा अर्ज आला तोवर लकडगंजची ती तपासणी होऊन गेली होती, आणि दसऱ्याला तीन महिने होते. साहेबांनी तपासणीच्या फायली वाटल्या, त्यांत माझ्या वाट्याला आली "श्रीमती कौ. मेश्राम, सक्करदरा, मेणबत्ती उत्पादन." ओळखीच्या माणसाची फाइल परत करता येते. मी ती परत केली नाही.

टिनाची शेड होती. दारात तिने मला सगळ्यांसमोर हात जोडून "या मॅडम" म्हटलं. ते ऐकून मला बरं वाटलं. आत गेल्याबरोबर कुजबुजली, "काय वं सुमन, तपासाले का होईना, आली तं खरी!"

शेडच्या मधोमध छताच्या कप्पीला तीन साखळ्यांनी आडवी टांगलेली सायकलची रिम होती. वडिलांच्या दुकानातली, मागच्या चाकाची, चाळीस भोकांची. प्रत्येक भोकातून एक वात खाली सोडलेली, आणि वात सरळ राहावी म्हणून टोकाला एक लहानसा नट. खाली पत्र्याच्या रुंद टाकीत वितळलेलं मेण. एका बाईने दोरी सैल केली की रिम खाली येई, चाळीस वाती एकदम मेणात बुडत, पुन्हा वर जात. वारा लागावा म्हणून दुसरी बाई रिमला हलकेच फिरवी. मेण थिजलं की पुन्हा बुडी. अशा बारा बुड्यांत करंगळीएवढी मेणबत्ती तयार होई, वर निमुळती, सगळीकडून गुळगुळीत. फिरणाऱ्या त्या चाळीस पांढऱ्या वातींकडे मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. इतकं सुंदर काम मी तोवर नोकरीत पाहिलं नव्हतं.

"पाह्य, कशी फिरते," कौसल्या म्हणाली. तिच्या कोपरापर्यंत मेणाचे शिंतोडे होते. "तू आली असती ना, तं दोन रिमा झाल्या असत्या."

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मी फॉर्म उघडला. "साचे किती?"

"साचे कोठचे? हे रिमच हाय ना."

"फॉर्ममध्ये 'साचे व यंत्रे' असा रकाना आहे. रिम यंत्र नाही, साचा नाही."

ती हसली. "मंग खाली शेऱ्यात लिहिजो ना. त्याच्यासाठीच तं असते शेरा."

मी साच्यांच्या रकान्यात "निरंक" लिहिलं. ते खरंच होतं. मग पेन शेऱ्यावर आलं. चार ओळी पुरल्या असत्या. बुडीची पद्धत, दिवसाला इतक्या फेऱ्या, प्रत्यक्ष पाहिलं, शिफारस. लकडगंजच्या खोट्या साच्यांसाठी मी ज्या रकान्यात लिहिलं होतं, तोच रकाना. समोर ती रिम फिरत होती, बाया आपसांत कशावरून तरी खिदळत होत्या, आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती: हिने सही केलेला राजीनामा खरा होता, माझा अजून कपाटात घडी घातलेला आहे.

मी शेऱ्यावर तिरकी रेघ मारली. फॉर्म तिच्यापुढे केला आणि म्हटलं, "शेरा ऑफिसात गेल्यावर लिहीन. सविस्तर लिहावा लागेल."

तिने फॉर्मकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि सही केली.

तीन आठवड्यांनी उत्तर गेलं: उत्पादनक्षमता सिद्ध होत नाही, अर्ज नामंजूर. कौसल्या खिडकीशी आली. आठ वर्षं ती ज्या खोलीत बसली, त्या खोलीच्या बाहेर उभी राहिली.

"शेऱ्यात काई लिहिलं होतं का, मॅडम?"

मी म्हटलं, "लिहिलं होतं. साहेबांनी मानलं नाही."

"बरं," ती म्हणाली. आणि गेली.

रेवा, तुझ्या घरमालकीणबाईंना विचार, खिडकीच्या आतल्या बाईचा चेहरा आठवतो का. मला वाटतं, आठवत असेल.

तिच्या घरच्यांना वाटलं असेल की मी हे जातीपायी केलं. तसं वाटायला त्यांच्याकडे पिढ्यांचा अनुभव होता. माझ्या मनात मत्सर होता, असं मी म्हणते. पण ज्याचं काम बंद पडतं त्याला या दोन्हींतला फरक बाहेरून कसा दिसावा, आणि माझ्या मनात तो इतका स्वच्छ होता हे तरी मी कशावरून सांगावं?

त्या वर्षी तिने दसऱ्यासाठी लकडगंजच्या त्याच शेठजींकडून सरकारी कोट्यातलं मेण चढ्या भावाने घेतलं. ते पुरलं नाही. दोन बाया कमी कराव्या लागल्या. दसऱ्यानंतरच्या सकाळी मी ऑफिसला जाताना तिला पाहिलं. पोतं आणि उलथणं घेऊन ती आणि उरलेल्या दोघी दीक्षाभूमीच्या कठड्यांवरचं सांडलेलं मेण खरवडत होत्या, जळून उरलेले तुकडे गोळा करत होत्या. ते वितळवून, फडक्यातून गाळून त्या पुन्हा मेणबत्त्या करणार होत्या. तिघी काहीतरी बोलत होत्या आणि कौसल्या हसली. तेच हसणं. सगळं हिरावूनही हिच्याकडे हे उरलंच कसं, असं माझ्या मनात आलं. दया आली नाही. त्या सकाळीसुद्धा हेवाच वाटला. लिहायला जड जातं, पण तसंच होतं.

पुढच्या वर्षी लकडगंजच्या शेठजींची फेरतपासणी आली. कोटा निम्म्यावर आल्यापासून ते सावध झाले होते. या वेळी सुट्टी नव्हती. टेबलावर मेणबत्त्यांचे गठ्ठे रचलेले, वर त्यांच्या नावाची लेबलं.

"देख लीजिए मॅडम, प्रॉडक्शन!"

मी एक मेणबत्ती उचलली. साच्यातल्या मेणबत्तीला दोन्ही अंगांनी बारीक शिवण असते, साच्याचे दोन भाग जुळतात तिथे. हिला शिवण नव्हती. वरून निमुळती, खाली नटाचा ठसा. रंग जरासा राखाडी, गाळलेल्या मेणाचा. कौसल्याचा माल घेऊन त्यावर लेबल लावून शेठजी तो माझ्याच फॉर्ममध्ये स्वतःचं उत्पादन म्हणून दाखवत होते. सरकारच्या कागदावर तिची क्षमता निरंक, आणि तिच्याच मेणबत्त्यांवर यांची क्षमता सिद्ध.

मला संताप आला. तो न्यायबुद्धीचा होता असं म्हणायला मला आवडेल. पण खरं सांगायचं तर, कौसल्याचा हेवा करायचा हक्क माझा होता, आणि हा माणूस तिचं काम स्वतःच्या नावावर मिरवत होता, ते मला सहन झालं नाही.

त्या दुपारी मी पाच पानांची टिप्पणी लिहिली. बुडीची पद्धत, रिम, नट, बारा बुड्या, शिवण नसलेली मेणबत्ती. सोबत दोन नमुने जोडले. फॉर्ममधल्या रकान्याचं नाव बदलावं, अशी सूचना केली. साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "हे सगळं गेल्या वर्षी दिसलं नव्हतं का तुम्हाला?"

"दिसलं होतं, सर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. शेठजींचा कोटा गेला. कौसल्याला मेण मिळू लागलं. आणि वर्षभराने नवे फॉर्म छापून आले तेव्हा त्यात होतं: "साचे, यंत्रे व इतर साधने." सरकारच्या कारभारात माझी भर "इतर साधने" एवढीच. त्या दोन शब्दांनी साच्यांशिवाय खडू करणारे, हाताने डबे वळणारे असे कितीतरी जण पुढे कोट्यात बसले. निहार, नियम वाईट असतो की नियम भरणारी बाई, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऐंशी सालानंतर मेण पुन्हा खुलं झालं. आमच्या खिडकीपुढची गर्दी हळूहळू आटली. अर्जदार येईनात, तसे आम्ही एकमेकींना स्वेटरचे टाके शिकवू लागलो. एके दिवशी दुपारी मी काही कारण नसताना सक्करदऱ्याला गेले. शेड पक्की झाली होती. दोन रिमा फिरत होत्या.

चहा झाल्यावर मी म्हटलं, "कौसल्या, त्या वेळी शेऱ्यात मी काहीच लिहिलं नव्हतं. तुला खोटं सांगितलं."

ती बशी पुसत होती. ती पुसतच राहिली.

"मले माहीत हाय."

"कधीपासून?"

"तूनं रेघ मारली तवापासून. आठ वर्षं तेच फॉर्म टाइप करत होती वं मी. सहीनंतर शेरा लिहिता येत नाई, हे मले ठाऊक नसन का?"

"मग सही का केलीस?"

"तुह्या तोंडाकडे पाहून राहिली होती," ती म्हणाली. "वाटलं, आता फाडंल, आता नवा फॉर्म काढंल. पिशवीत होते ना नवे फॉर्म?"

होते. माझ्या पिशवीत त्या दिवशी सहा कोरे फॉर्म होते.

"आणि खिडकीत विचारलंस ते?"

"तवाही वाट पाहिली." मग तिने बशी ठेवली. "चाल आता, रडू नको. ठेचा देतो बांधून. घरी नेजो. जीभ सुधारली का नाई पाहू."

तिने माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पुढे तीस वर्षं आम्ही एकमेकींकडे जात राहिलो. रिमेशेजारी उभी राहिलेली कौसल्या पाहिली की मला दर वेळी तिचा हेवा वाटे. वय झाल्यावर तो कमी होतो म्हणतात, माझा झाला नाही. फक्त मी तो घेऊन तिच्याकडे जाऊ लागले, घरी घेऊन बसणं सोडलं.

आता काय उरलं आहे ते सांगते. आमचं ऑफिस त्या इमारतीत नाही. तो फॉर्म कुठेही छापला जात नाही, माझे दोन शब्द त्याच्याबरोबर गेले. माझ्या सव्वीस वर्षांच्या फायली मुदत संपल्यावर रद्दीत निघाल्या. पर्समधून कपाटात गेलेला राजीनामा अजून तिथेच आहे, तिने टाइप केलेला, एकही चूक नसलेला. सक्करदऱ्याला कौसल्याची सून काम बघते. पहिली रिम अजून टांगलेली आहे. तिचं एक भोक गंजून बुजलं आहे, त्यामुळे एका फेरीत एकोणचाळीस मेणबत्त्या निघतात.